दानोळे बंधूंची शिकवणी

"मॅडम, हे वाक्य मी भिंतीकडं बघून म्हटलं तर चालेल का?"

भूपाल दानोळेंनी अगदी गंभीरपणे विचारलं. वाक्य होतं चारच शब्दांचं. आर वी ऑन शेड्यूल? म्हणजे, ठरल्याप्रमाणं काम चाललंय ना? टेबलाच्या एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला त्यांचे धाकटे भाऊ शीतल आणि मधे पुस्तक घेऊन मी. व्यवसायासाठी इंग्रजी शिकवणारं ते पुस्तक होतं, आणि धडा होता योजना राबवण्याचा आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचा. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं, इतकाच सराव.

"भिंतीला कसं विचारणार, दादा?" मी म्हटलं. "समोरच्याला विचारा की."

"मग त्या कॅलेंडरकडं बघतो."

शीतलभाऊ खाली मान घालून पेनाचं टोपण काढत होते, घालत होते. दादांनी कॅलेंडरकडं बघून प्रश्न विचारला. शीतलभाऊंनी टोपणाकडं बघून उत्तर दिलं, "येस. वी आर ऑन शेड्यूल." दादांनी कॅलेंडरला "गुड, थँक यू" म्हटलं आणि घाम पुसला.

मला वाटलं, लाजतायत. मोठ्या वयाच्या माणसांना शिकवायचं म्हणजे हे असंच असतं, हे मी तोवर शिकले होते. कुणी खोकून वेळ काढतं, कुणाला नेमका तेव्हाच फोन येतो.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पंचविशीत होते. ज्युनिअर कॉलेजमधली तासिकेवरची नोकरी त्या वर्षी पुढं चालू राहिली नव्हती आणि मिरजेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी इंग्रजी संभाषणाचा क्लास काढला होता. तीन मुली यायच्या, त्यातली एक माझी चुलतबहीण. अशात एक दिवस फोन आला. "मुजावर मॅडम का? मी रत्नप्रभा दानोळे बोलते, तासगाव रस्त्यावरनं. आमचा बेदाण्याचा कारखाना आहे. आमच्याकडं येऊन शिकवाल का? भूपाल आणि शीतल, दोघांना."

शीतल नाव ऐकून मी एक पुरुष आणि एक बाई धरून गेले होते. बघते तर चाळिशीचा मिशीवाला गृहस्थ. दादा पन्नाशी ओलांडलेले, पांढरा शर्ट, कपाळाला गंध. रत्नप्रभा वहिनी या दादांच्या पत्नी. त्या ऑफिसात कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसायच्या आणि आमची शिकवणी चालू असताना मान वर न करता काम करत राहायच्या.

शिकवणी दुपारची असे. जैन घर, दिवस मावळायच्या आत त्यांच्याकडं जेवणं होत, त्यामुळं वेळ लांबवायची सोय नव्हती. आवारात शिरलं की बेदाण्याचा गोड, किंचित आंबूस वास यायचा. तो ओढणीला बसायचा आणि घरी अम्मी म्हणायची, तू शिकवायला जातेस की द्राक्षं तुडवायला?

कारखान्याला डेन्मार्कची एक मोठी ऑर्डर मिळाली होती. तिथली बिस्किटांची कंपनी. पण त्यांची अट अशी की बेदाणा धुण्यासाठी आणि निवडण्यासाठी नवा हॉल हवा. त्यांच्या नियमांप्रमाणं बांधलेला, आणि नवा माल यायच्या आत तयार. काम कुठवर आलं याचा आढावा दर पंधरवड्याला फोनवर द्यायचा. बांधकाम दादा बघत, ग्राहकाशी बोलणं शीतलभाऊ करत. आता ग्राहकाची मेल आलीय की दोन्ही भागीदारांनी फोनवर यावं, म्हणून ही शिकवणी, असं वहिनींनी मला सांगितलं होतं.

दोघं विद्यार्थी म्हणून चांगले होते. दादांना शब्दांची चव होती. माइलस्टोन हा शब्द त्यांना फार आवडला, कारण त्यात दगड होता. डेडलाइनवर मात्र ते बिथरले. "शुभकामाच्या वेळापत्रकात हे डेड कशाला?" म्हणाले. तो शब्द त्यांनी शेवटपर्यंत तोंडात घेतला नाही, 'लास्ट डेट' म्हणायचे. शीतलभाऊंचं इंग्रजी कामापुरतं होतं, पण ते घाबरले की प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'नो प्रॉब्लेम' लावायचे.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. ते एकमेकांना काही सांगत नसत, मला सांगत.

"मॅडम, त्यांना म्हणावं, पुस्तक जरा इकडं सरकवा."

"मॅडम, यांना विचारा, पंख्याचा वारा लागतोय का."

पुस्तक हातभर लांब असायचं. मी सरकवून द्यायचे. मोठ्या घरातली अदब असेल म्हणून सोडून द्यायचे. वहिनींकडं बघितलं तर त्या टाइप करत असायच्या.

दुसऱ्या आठवड्यात दादांची नजर कॅलेंडरवरून खाली आली. आधी शीतलभाऊंच्या खांद्यावर, मग शर्टाच्या खिशावर. इंग्रजी वाक्य म्हणताना माणसाचा आवाजही थोडा वेगळा होतो, जणू दुसऱ्याच कुणाचा. त्या वेगळ्या आवाजात दादा धीट होत चालले होते. धड्यातले प्रश्न ते आता पुस्तक न बघता विचारत. काम कुठवर आलं? अडचण काय? जबाबदारी कुणाची? शीतलभाऊ पुस्तकातली उत्तरं देत.

मग तो दिवस आला. तोच पहिला प्रश्न, उजळणी म्हणून मी घ्यायला लावला होता.

"आर वी ऑन शेड्यूल?" दादांनी विचारलं.

"येस. वी आर ऑन शेड्यूल. नो प्रॉब्लेम."

"नो," दादा म्हणाले.

मी पुस्तकावर बोट ठेवलं. "दादा, इथं 'गुड' आहे."

"नो, मॅडम." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. ते थेट भावाकडं बघत होते. "वी आर बिहाइंड शेड्यूल."

आपण मागं पडलोय. वाक्य बरोबर होतं, उच्चारही स्वच्छ होता. मी शाबासकी द्यायच्या बेतात होते, तर शीतलभाऊंनी पेन खाली ठेवलं.

"व्हाय?"

"फ्लोअर इज बॅड. वॉटर गोज राँग साइड."

"सिन्स व्हेन?"

"लास्ट मंथ."

"व्हाय यू डिड नॉट टेल मी?"

हे पुस्तकात कुठंच नव्हतं. कोपऱ्यातला टाइप करण्याचा आवाज थांबला होता. दादा खुर्चीत ताठ झाले. एकेक शब्द शोधून, निवडून पुढं ठेवावा तसं ते बोलले.

"यू टोल्ड मी, कीप क्वाएट. सो आय ॲम क्वाएट. फोर इयर्स."

चार वर्षं. मी व्याकरण दुरुस्त करायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटून घेतलं.

शीतलभाऊंचा चेहरा लाल झाला. "आय डिड नॉट से कीप क्वाएट," ते म्हणाले. "दॅट इंजिनिअर केम फ्रॉम पुणे. ऑल वर्कर्स वेअर देअर. अँड आय सेड..." त्यांना इंग्रजी सुचेना. हात हवेत तसाच राहिला. मग मराठीतच आलं, "'दादा, तुला यातलं कळत नाही, तू गप्प बस.'"

चार वर्षांनी त्या घरात धाकट्यानं थोरल्याला दादा म्हटलं होतं, तू म्हटलं होतं, आणि तेही जुनं भांडण सांगण्यासाठी. हे मला तेव्हा कळलं नाही. पण काहीतरी मोठं घडलंय इतकं कळलं, कारण दोघंही चटका बसल्यासारखे पुन्हा इंग्रजीकडं वळले.

"येस," दादा म्हणाले. "सेम थिंग. कीप क्वाएट."

"अँड आफ्टर? आय वॉज वेटिंग. एव्हरी डे."

"वेटिंग फॉर व्हॉट?"

शीतलभाऊंनी पुस्तक ओढलं. शब्दांच्या यादीवरून बोट खाली खाली नेलं आणि एका ठिकाणी दाबून धरलं. "फीडबॅक," ते म्हणाले.

दादांनी माझ्याकडं बघितलं. "म्हणजे काय, मॅडम?"

"समोरच्याचं म्हणणं," मी म्हटलं. "आपण जे केलं, जे बोललो, त्यावर त्याला काय वाटलं, ते."

दादांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला, परत घातला. पण फीडबॅक काही दिला नाही. उठले आणि दारापाशी जाऊन म्हणाले, "कम. आय शो यू फ्लोअर."

आम्ही सगळेच मागोमाग गेलो. नवा हॉल प्रशस्त होता, भिंती रंगवून झाल्या होत्या. दादांनी कोपऱ्यातली बादली उचलली आणि जमिनीवर ओतली. पाणी एका कडेच्या नालीकडं जायला हवं होतं. ते निवांत उलटं फिरलं आणि जिथं धुण्याचं यंत्र बसायचं होतं, तिथं डबकं करून थांबलं. फरशीचा ढाळ उलटा झाला होता. अशा हॉलमध्ये पाणी साचलं की परदेशी तपासनीस दारातूनच परत जातो, हे वहिनींनी हळूच मला सांगितलं.

"हू सॉ धिस?" शीतलभाऊंनी विचारलं.

"ओन्ली मी. एव्हरी ईव्हनिंग आय पुट वॉटर. एव्हरी ईव्हनिंग सेम."

म्हणजे महिनाभर हा माणूस रोज संध्याकाळी एकटाच इथं येऊन पाणी ओतत होता. आज तरी नालीकडं जाईल म्हणून. गवंडी त्यांनी आणलेला, कामावर देखरेख त्यांची. भावाला निरोप धाडायचा म्हणजे आधी कुणाच्या तरी तोंडी आपली चूक द्यायची. ते त्यांना जमलं नव्हतं.

भिंतीला टेकून बसलेले दोन गवंडी आ वासून बघत होते. मालक एकमेकांशी बोलतायत हे पहिलं नवल आणि इंग्रजीत बोलतायत हे दुसरं. पाण्याच्या डबक्याभोवती उभं राहून दोघं बराच वेळ बोलले. फोडायची की वरून दुसरा थर द्यायचा? फोडायची. किती दिवस मागं पडू? तीन आठवडे तरी. मी 'ढाळ' या शब्दाचं इंग्रजी सांगायला गेले, तर दोघांपैकी कुणीही माझ्याकडं लक्ष दिलं नाही.

फक्त निघताना शीतलभाऊ मला म्हणाले, मराठीत, "मॅडम, पण मी ग्राहकाला आजवर सगळं वेळेवर चाललंय असंच सांगत आलोय. आता खरं सांगितलं तर ऑर्डर जाणार."

दादांनी ते ऐकलं. उत्तर त्यांनीही मलाच दिलं, "मॅडम, त्यांना म्हणावं, फोनवर मी पण असणार आहे."

गुरुवारी फोन होता. फरशी आदल्या दिवसापासून फोडायला घेतली होती आणि ऑफिसात बसलं तरी हातोड्यांचे ठोके ऐकू येत होते. फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला होता. एका बाजूला दोघं भाऊ पहिल्यांदाच शेजारी शेजारी. मी समोर, कुठं अडलेच तर सांगायला. वहिनी त्यांच्या कोपऱ्यात.

पलीकडं लार्सन नावाचे गृहस्थ होते. आवाज शांत, पण उच्चार असे की अर्ध्या शब्दांना मीच चाचपडत होते. त्यांनी नेहमीचाच प्रश्न विचारला. काम ठरल्याप्रमाणं चाललंय ना?

"येस, मिस्टर लार्सन, वी आर..." शीतलभाऊंनी सुरुवात केली आणि थांबले. सवयीचं वाक्य जिभेवर होतं, ते त्यांना बोलवेना आणि दुसरं सुचेना.

दादा टेबलावर वाकले. फोनला ऐकू यावं म्हणून नव्हे, त्यांना फोनवर बोलताना वाकायची सवयच होती.

"मिस्टर लार्सन, भूपाल स्पीकिंग. एल्डर ब्रदर. वी आर बिहाइंड शेड्यूल. फ्लोअर वॉज राँग. वी आर ब्रेकिंग इट. माय वर्क, माय मिस्टेक."

"नो," शीतलभाऊ पटकन म्हणाले. "आवर मिस्टेक. ही डिड नॉट टेल, आय डिड नॉट आस्क."

बाहेर हातोडा पडत होता. दादा फोनवरची नजर न काढता टेबलावर पाण्याचा पेला चाचपत होते. शीतलभाऊंनी ते बघितलं. पेला त्यांनी मला न सांगता, स्वतःच, भावाच्या हाताशी सरकवला.

"तो आवाज कसला येतोय?" लार्सननी विचारलं.

"दॅट इज फ्लोअर, सर," दादा म्हणाले.

लार्सन हसले. मग बरंच काही बोलले. त्यातलं मला जे कळलं ते असं, की आजवर प्रत्येक फोनवर सगळं छान चाललंय हेच ऐकून त्यांना काळजी वाटू लागली होती, कारण त्यांनी स्वतः उभी केलेली एकही इमारत वेळेवर झालेली नव्हती. आता निदान कुठं काय अडलंय ते कळलं. पहिला कंटेनर महिनाभर उशिरा गेला तरी चालेल, पण यापुढं जे असेल ते असं लगेच सांगा.

मग त्यांनी एकाएकी वेग घेतला आणि काहीतरी तांत्रिक विचारलं. ढाळाचं माप, नालीवरची जाळी, तपासणीचा दाखला, सगळं एका दमात. शीतलभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी दादांकडं बघितलं. तिघंही कोरे.

तेवढ्यात मागून आवाज आला. कॉम्प्युटरवरून मान न वळवता वहिनी उत्तर देत होत्या. सावकाश, स्वच्छ, एकही शब्द न अडखळता. ढाळ किती ठेवतोय, जाळी कुठल्या धातूची, दाखला कुणाकडून घेणार. वाक्यं अशी सुबक की मी माझ्या विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून द्यावीत. लार्सननी आभार मानले, त्यांना नावानं हाक मारली आणि फोन ठेवला.

दोघं भाऊ तिकडं लक्ष द्यायच्या मनःस्थितीत नव्हते. दादांनी पेल्यातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. शीतलभाऊ उठले. "चल," ते म्हणाले, "ढाळ या वेळी मी दोरी लावून बघणार."

"तू? तुला दोरी धरता येते का?"

"धरता येते की नाही ते बघायला तर चल."

बोलत बोलतच ते बाहेर गेले. आपण कुठल्या भाषेत बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं नसावं. मी वहिनींकडं बघत राहिले.

"तुम्हाला इंग्रजी येतं," मी म्हटलं.

"बी.ए. इंग्रजीतच केलंय मी. डेन्मार्कच्या मेल पहिल्यापासून मीच लिहिते."

"मग दोघांनी फोनवर यावं अशी मेल...?"

"तशी मेल आलीच नव्हती." त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "त्या दोघांनी एका खोलीत बसायला काहीतरी कारण हवं होतं. घरात पूजा झाली, लग्न झालं, सासूबाई गेल्या. त्यातलं एकही कारण पुरलं नव्हतं. म्हटलं, धंद्याचं कारण करून बघू."

मला थोडं लागलं. मी विचारलं, "पण मग मला कशाला बोलावलंत? तुम्ही माझ्यापेक्षा बरं शिकवलं असतं."

"मी शिकवलं असतं तर दोघं माझ्याशी बोलले असते," वहिनी म्हणाल्या. "चार वर्षं दोघंही माझ्याशीच बोलतायत. मला कुणीतरी असं हवं होतं, ज्याला आमच्या घरातलं काही माहीत नाही आणि जे बिनधास्त म्हणेल, भिंतीकडं नको, समोरच्याकडं बघून विचारा."

लागलेलं तिथंच विरघळलं. मला हसू आलं आणि वहिनींनाही. मग त्या हसता हसता पदरानं डोळे टिपून पुन्हा कॉम्प्युटरकडं वळल्या.

त्यानंतर मी आणखी काही दिवस गेले, पण शिकवणी अशी झालीच नाही. दोघं विद्यार्थी हॉलमध्ये असत. मी पुस्तक उघडून बसायचे आणि थोड्या वेळानं मिटायचे. नवी फरशी झाली. बादली ओतली तेव्हा सगळे कामगार गोळा झाले होते आणि पाणी नालीकडं गेलं तेव्हा दादांनी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. पहिला कंटेनर उशिरा गेला, पण गेला. वहिनींनी माझं नाव आणखी दोन कारखान्यांत सांगितलं आणि पुढं माझा क्लास त्यावरच उभा राहिला. धडा मी अजून तोच घेते, पहिला प्रश्नही तोच.

पण मला आठवतो तो तिथला माझा शेवटचा दिवस. उन्हं कलायला लागली होती. वहिनींनी दोघींसाठी चहा मागवला होता. बाहेर आवारात दोघं भाऊ जोरजोरात भांडत होते, यंत्र आधी आणायचं की छताचं उरलेलं काम आधी उरकायचं यावरून. "तुला काय कळतंय?" कुणीतरी म्हणालं. "तुझ्यापेक्षा जास्त कळतंय," दुसऱ्यानं उत्तर दिलं. आवाज इतके सारखे होते की कोण कुठलं बोललं ते ओळखू येईना.

मी घाबरून वहिनींकडं बघितलं.

"भांडू दे," त्या म्हणाल्या. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली आणि कप दोन्ही हातांत धरला. "आज सकाळपासून मला कुणी कुणाला काही सांगायला सांगितलेलं नाही."

आणि त्यांनी तो चहा गार होईपर्यंत, घोट घोट, निवांत प्यायला.